ओल सरण्यापूर्वी दाणा

कोरडवाहू रानातले रब्बीचे पीक कशाच्या बळावर वाढते, याचा कधी विचार केला आहे का? पाऊस गेलेला असतो, विहीर नसते. जमिनीत मुरलेली ओल एवढीच त्या पिकाची शिदोरी. फेब्रुवारी-मार्चमध्ये ऊन तापू लागले की ती झपाट्याने सरते. नेमके त्याच वेळी पीक फुलोऱ्यात असेल, तर फुले गळतात, शेंगा पोचट राहतात आणि शेतकऱ्याची मेहनत वाया जाते.

बुंदेलखंडातील मसुरीची हीच अडचण आहे. उपाय सोपा वाटतो : ओल असेपर्यंतच पिकणारा वाण पेरावा. पण तो आणायचा कोठून?

मसुरीचे मूळ घर पश्चिम आशिया. ही दीर्घदिनी वनस्पती आहे. म्हणजे दिवस मोठा असला की ती लवकर फुलते. तिकडचे वाण आपल्याकडे हिवाळ्यात पेरले, तर लहान दिवसांमुळे ते फार उशिरा फुलतात. तोवर देशी मसुरीचा फुलोरा संपलेला असतो. मग दोघांचा संकर होणार कसा? त्यामुळे भारतीय उपखंडातील मसूर एकटी पडली आणि तिच्यातील विविधता तोकडी राहिली.

ही कोंडी फोडण्यास अर्जेंटिनातील 'प्रेकोझ' हा लवकर फुलणारा, टपोऱ्या दाण्यांचा वाण उपयोगी पडला. त्याचा हा गुण मुख्यतः एका अप्रभावी जनुकामुळे येतो, असे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. मेंडेलचा वाटाणा आठवा! पहिल्या पिढीत गुण लपतो. दुसऱ्या पिढीत साधारण चारांत एक रोप लवकर फुलते. अशी रोपे निवडून पुढे कित्येक पिढ्या त्यांचे उत्पादन व रोगप्रतिकारशक्ती तपासावी लागते.

भारतीय कृषी संशोधन संस्थेचा 'पुसा अगेती मसूर' हा सुमारे १०० दिवसांत पिकणारा वाण २०१६ मध्ये मध्य भारतासाठी प्रसारित झाला. मात्र घाईलाही किंमत असते. दिवस कमी, म्हणजे फांद्या-पाने वाढायला वेळ कमी. ओल भरपूर टिकली, तर उशिरा पिकणारा वाण अधिक दाणे देऊ शकतो. म्हणून वाण निवडताना आधी जमिनीतल्या ओलीचा हिशेब करावा लागतो.

या हिवाळ्यात दोन कुंड्यांत अख्खी मसूर पेरा. एका कुंडीजवळ रोज सूर्यास्तानंतर चार तास दिवा लावा. पहिले फूल कोणत्या कुंडीत येते, ते तारखेसह वहीत नोंदवा.