वर मुख्यालय, खाली विहिरी

मागच्या वेळी एका श्रोत्यांनी विचारलं होतं, की समुद्रात भर घालून केलेल्या जमिनीवर एवढ्या उंच इमारती टिकतात कशा? नरिमन पॉइंटला उभं राहिलं की हा प्रश्न पडतोच. आज त्याचं उत्तर हाँगकाँगमधून देतो.

तिथल्या सेंट्रल भागात, म्हणजे बँकांच्या वस्तीत, हाँगकाँग अँड शांघाय बँकेचं मुख्यालय आहे. वास्तुरचनाकार नॉर्मन फॉस्टर, अभियंते ओव्ह अरुप यांची कंपनी. काम १९८५ मध्ये पूर्ण झालं. इमारतीचे मजले आठ पोलादी मनोऱ्यांवरच्या कैच्यांना टांगलेले आहेत. त्यामुळे तळमजला मोकळा राहिला. पण याचा दुसरा अर्थ असा, की सगळं ओझं मोजक्या आठ ठिकाणी जमिनीत उतरतं. मग तिथला पाया कसा हवा?

आता जमीन बघू. मागचा क्वीन्स रोड एके काळी किनाऱ्यालगतचा रस्ता होता. म्हणजे बँकेपुढचा चौक भरावावर आहे. वर भराव, खाली कुजलेला ग्रॅनाइट, त्यात मोठाले धोंडे, आणि पाणी अगदी जवळ. खड्डा उघडून पाणी उपसत बसलं तर आजूबाजूची माती आवळते आणि शेजारच्या इमारती खचतात. ही भीती पुस्तकी नव्हती. चौकाच्या कडेच्या जुन्या सर्वोच्च न्यायालयाच्या इमारतीला १९७८ मध्ये मेट्रोच्या कामामुळे मोठं नुकसान पोचलं होतं.

म्हणून आधी जागेभोवती जमिनीत भिंत घातली. अरुंद, खोल चर खणायचा. तो ढासळू नये म्हणून बेंटोनाइट मातीच्या दाट पाण्यानं भरलेला ठेवायचा. मग सळ्यांचा पिंजरा सोडायचा आणि नळीनं तळापासून काँक्रीट भरत यायचं. जड काँक्रीट ते पाणी वर ढकलतं. झाली भिंत! मग तळघर वरून खाली बांधत जायचं. आधी वरची फरशी, तिच्याखाली खोदाई, मग पुढची फरशी. प्रत्येक फरशी दोन्हीकडच्या भिंतींना आतून रेटून धरते, वेगळे टेकू फारसे लागत नाहीत. आणि मुख्य म्हणजे, खाली खोदाई चालू असताना वरचं कामही थांबत नाही.

पण फरशा पेलायच्या, मनोरे उभे करायचे, तर आधी खडकापर्यंत पोचायला हवं. तिथे यंत्र अडतं. म्हणून माणसांनी हातानं विहिरी खणल्या. साधारण मीटरभर खणायचं, काँक्रीटचं कडं ओतायचं, ते धरलं की पुढचा मीटर. खडक लागला की तो तपासून विहीर काँक्रीटनं भरायची. आपल्याकडे विहिरीवर यारी लावतात ना, तसाच प्रकार. हाँगकाँगमध्ये हे काम बहुधा नवरा-बायको मिळून करत. तो खाली खणणार, ती वर यारी चालवून माती ओढणार.

यात वाईट काय? खडकाची धूळ. ग्रॅनाइटमध्ये सिलिका भरपूर असते. अरुंद विहिरीत ती धूळ जाणार कुठे? फुप्फुसात. आजार दिसायला पुष्कळदा कित्येक वर्षं जातात, आणि फुप्फुस पुन्हा पहिल्यासारखं होत नाही. शिवाय दरड कोसळणं, वरून दगड पडणं हे होतंच. शेवटी १९९० च्या दशकात हाँगकाँगनं काही अपवाद सोडून ही पद्धत बंद केली.

तेव्हा उत्तर असं: भरावावर इमारत टिकते, कारण ती भरावावर उभी नसतेच. ती खडकावर उभी असते आणि त्या खडकापर्यंत कुणीतरी उतरलेलं असतं. आज त्या मोकळ्या तळमजल्यावर रविवारी फिलिपिनो घरकामगार बायका सुट्टी घालवायला जमतात. त्यांच्या पायाखालच्या विहिरी आता काँक्रीटनं भरलेल्या आहेत. पुढे कुठे बांधकामाभोवती पत्रे लावलेले दिसले, तर इमारत किती मजली हे विचाराच. पण खाली कोण उतरतंय आणि त्याच्या तोंडाला मास्क आहे का, हेही विचारा.

आता तुमचे प्रश्न घेऊ.