हेक्टर या शब्दातील ‘हेक्टो’

बुलढाणा जिल्ह्यातील बीबी (तालुका लोणार) येथील एखाद्या शेतकऱ्याने आपला सातबारा पाहिला, आणि क्षेत्राच्या रकान्यात ‘१.२०.००’ असे आकडे असले, तर त्यांचे वाचन एक हेक्टर वीस आर असे करावयाचे असते. परंतु ज्या घरात एकर-गुंठ्यांचा सराव पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, तेथे हेच आकडे ‘एक एकर वीस गुंठे’ असे वाचले जाण्याचा संभव असतो. पहिल्या वाचनाने जमीन जवळजवळ तीन एकर भरते, दुसऱ्याने अवघी दीड. एवढा मोठा फरक का पडतो, हे कळण्यासाठी ‘हेक्टर’ या शब्दाची फोड करून पाहिली पाहिजे.

ग्रीक भाषेत शंभराला ‘हेकाटोन’ म्हणतात. फ्रान्समध्ये ७ एप्रिल १७९५ रोजी दशमान मापांचा कायदा झाला, तेव्हा या शब्दाचे ‘हेक्टो’ असे आखूड रूप शंभरपटीसाठी योजण्यात आले. पटी दाखविण्यासाठी डेका, हेक्टो, किलो हे ग्रीक उपसर्ग, आणि भाग दाखविण्यासाठी डेसी, सेंटी, मिली हे लॅटिन उपसर्ग, अशी ती व्यवस्था होती. मौजेची गोष्ट अशी की, ‘हेकाटोन’मधील ‘काटोन’, लॅटिन ‘सेंटम’ आणि आपला संस्कृत ‘शतम्’ हे तिन्ही शब्द एकाच कुळातले आहेत. म्हणजे हेक्टो हा शब्द वाटतो तितका परका नाही.

त्याच कायद्याने दहा मीटर लांब व दहा मीटर रुंद अशा चौरसास ‘आर’ हे नाव दिले. असे शंभर आर म्हणजे हेक्टो-आर. उच्चारात मधला ओकार गळून ‘हेक्टर’ झाले. शंभर मीटर लांब व शंभर मीटर रुंद शेत, म्हणजेच १०,००० चौरस मीटर क्षेत्र, एक हेक्टर होय. भारतात १९५६ च्या वजनमापविषयक कायद्याने दशमान पद्धतीचा स्वीकार झाला, आणि पुढे जमिनीच्या नोंदीही हेक्टर-आरमध्ये होऊ लागल्या. हवामान खात्याच्या माहितीत वायुभाराचे जे ‘हेक्टोपास्कल’ माप येते, त्यातील हेक्टोही हाच.

गुंठा हा ३३ फुटी साखळीचा चौरस. ३३ फूट म्हणजे १०.०६ मीटर, यास्तव गुंठा व आर यांच्या बाजूंत केवळ सहा सेंटिमीटरांचा फरक राहतो. पेरणीच्या हिशेबापुरते दोन्ही सारखे धरण्यास हरकत नाही. १.२० हेक्टर म्हणजे १२० आर. त्यास ४० ने भागावे, तीन एकर येतात. काटेकोर हिशेबाने ते २ एकर ३८½ गुंठे होतात.

घोटाळा गुंठ्यात होत नाही, तो हेक्टर आणि एकर यांच्या सरमिसळीत होतो. एक हेक्टर म्हणजे सुमारे अडीच एकर. सोयाबीनचे बियाणे हेक्टरी ७५ किलो सांगितले असता कोणी ते एका एकरात पेरले, तर तीस किलोंच्या जागी पंचाहत्तर किलो पडतात. पीक दाटते आणि पैसाही वाया जातो. उलट, वरील १.२० ला दीड एकर समजून त्या मानाने ४५ किलोच बियाणे आणले, तर ९० किलोंची गरज असलेल्या शेतासाठी ते निम्मेच ठरते. खताचेही तसेच. पिकाच्या पाहणीत किंवा विम्याच्या अर्जात दीड एकराचे क्षेत्र ‘१.२०’ असे भरले गेल्यास कागदोपत्री ते जवळजवळ दुप्पट होते. म्हणून ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी मात्रा सांगताना ‘हेक्टरी’ की ‘एकरी’ हा शब्द प्रत्येक वेळी उच्चारावा, आणि शेतकऱ्याकडून तो परत म्हणवून घ्यावा.

जमिनीच्या खरेदी-विक्रीत मात्र गुंठा व आर सारखे धरू नयेत. हेक्टरमध्ये शंभर गुंठे नसून ९८.८४ गुंठे असतात. हा फरक सुमारे १,२६० चौरस फुटांचा, म्हणजे एका बऱ्यापैकी घराच्या जागेइतका आहे. तेव्हा दस्तात क्षेत्र हेक्टर, आर व चौरस मीटरमध्येच लिहून घ्यावे.