हंगाम: एका सामन्यापलीकडे

दिल्लीतील लक्ष्मीबाई नगरपासून थोड्याच अंतरावर, १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांसाठी उभारलेल्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर, २०१७ च्या ऑक्टोबर महिन्यात सतरा वर्षांखालील मुलांच्या फुटबॉल विश्वचषकाचे सामने झाले. भारतीय संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. कोलंबियाविरुद्ध जॅक्सन सिंगने गोल करून बरोबरी साधली. पण पुढच्याच मिनिटाला कोलंबियाने आघाडी घेतली. गटातील तिन्ही सामने गमावल्यामुळे आठवड्याभरातच भारताचे आव्हान संपले.

अनिकेतच्या कोल्हापुरात मात्र फुटबॉल आठवड्यात संपत नाही. तेथे त्याचा हंगाम कित्येक महिने चालतो. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार ही नावे मुळात तालमींची. ज्या पेठांनी मल्ल घडवले, त्यांनीच फुटबॉलचे संघ उभे केले. महाविद्यालयात शिकणारे तरुणही या संघांतून शाहू स्टेडियमवर खेळतात.

हंगामात दोन प्रकारच्या स्पर्धा असतात. साखळी स्पर्धेत प्रत्येक संघ इतर संघांशी खेळतो व गुण मिळवतो. पूर्वी विजयाला दोन गुण असत. इंग्लंडने १९८१ मध्ये ते तीन केले आणि १९९४ च्या विश्वचषकात हीच पद्धत आली. बरोबरीचा गुण एकच राहिला. पूर्वी एक विजय व एक पराभव यांचे मोल दोन बरोबऱ्यांइतकेच होते. आता दोन विरुद्ध तीन गुण असा फरक पडतो. त्यामुळे केवळ बचाव करण्यापेक्षा जिंकण्याचे धाडस करणे लाभदायक ठरते. बाद पद्धतीत मात्र एक पराभव म्हणजे स्पर्धेचा शेवट.

साखळीत चूक सुधारण्यास अवधी मिळतो. म्हणूनच तेथे दुखापती, राखीव खेळाडू आणि सातत्य यांची कसोटी लागते. संयमाची कसोटी तर प्रेक्षकांचीही असते. पेठेचा अभिमान संघाला बळ देतो. पण तोच अभिमान हातघाईवर आला, की सामने थांबतात आणि वर्षभर घाम गाळलेल्या खेळाडूंचे नुकसान होते. कोल्हापूरने हा कटू अनुभवही घेतला आहे.

हरल्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी जो पुन्हा सरावाला येतो, त्यालाच हंगामाचा खरा अर्थ कळतो. आपल्या अभ्यासाचे वर्षही असेच नसते का?