‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ म्हणजे मेंदू ठीक आहे का?

३१ जानेवारी २०२५. पुण्याजवळ गहुंजेच्या मैदानावर भारत आणि इंग्लंड यांचा टी-ट्वेंटी सामना. शेवटच्या षटकात जेमी ओव्हरटनचा चेंडू शिवम दुबेच्या हेल्मेटवर आदळला. दुबे पुढचा चेंडू खेळला, पण नंतर क्षेत्ररक्षणाला आला नाही. त्याच्या जागी उतरलेल्या हर्षित राणाने तीन बळी घेतले आणि वादाला तोंड फुटलं. अष्टपैलू खेळाडूच्या बदली निव्वळ वेगवान गोलंदाज कसा चालतो? प्रश्न रास्त होता. पण चांगला चालता-बोलता दिसणारा खेळाडू डोक्याला चेंडू लागला म्हणून बाहेर का बसतो, हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न त्या गदारोळात कुणी फारसा विचारला नाही.

याचं उत्तर कन्कशन या शब्दात आहे. आपल्याकडे मुका मार म्हणतात ना, कातडी फाटत नाही, रक्त येत नाही, पण आतून ठणकतं? कन्कशन हा मेंदूला बसलेला मुका मार. आणि दिसत नाही म्हणूनच त्याच्याभोवती गैरसमजांचं जाळं आहे.

गैरसमज : शुद्ध हरपली नाही, म्हणजे काही झालेलं नाही.

कबड्डीच्या मैदानावर हे रोज घडतं. पोरगं आपटतं, डोळ्यांपुढे काजवे चमकतात, कुणीतरी तोंडावर पाणी मारतं आणि ते पुन्हा चढाईला जातं. खरं तर खेळातल्या दहा कन्कशनपैकी एखाद्यातच शुद्ध हरपते. बाकीच्यांत डोकं जड होतं, गोंधळल्यासारखं वाटतं, उजेड सहन होत नाही, तोल जातो, मळमळतं, आत्ताचंच आठवत नाही. ही लक्षणं लगेच दिसतीलच असंही नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये लॉर्ड्सवर स्टीव्ह स्मिथ ८० धावांवर असताना जोफ्रा आर्चरचा चेंडू त्याच्या मानेवर बसला. मैदानाबाहेर झालेल्या तपासणीत तो उत्तीर्ण झाला, परतला आणि ९२ धावांवर बाद झाला. लक्षणं दिसली दुसऱ्या दिवशी सकाळी. त्याच्या जागी आलेला मार्नस लाबुशेन हा कसोटी क्रिकेटमधला पहिला कन्कशन बदली खेळाडू. कन्कशन झालेल्या खेळाडूच्या जागी दुसरा उतरवण्याचा नियम लागू होऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता. स्मिथची तपासणी कुणी ढिसाळपणे केली असं मुळीच नाही. त्या क्षणी मोजण्यासारखं काही वर आलेलंच नव्हतं.

गैरसमज : सीटी स्कॅन नॉर्मल आला, आता खेळायला हरकत नाही.

‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ या तीन शब्दांवर आपला फार विश्वास. सीटी स्कॅन कवटीचा तडा आणि मेंदूतला रक्तस्राव शोधतो, आणि ते काम तो उत्तम करतो. ते किती महत्त्वाचं आहे हे रमण लांबाच्या मृत्यूने दाखवलं. फेब्रुवारी १९९८ मध्ये ढाक्यात फॉरवर्ड शॉर्ट लेगला विनाहेल्मेट उभ्या असलेल्या लांबाच्या डोक्यावर चेंडू बसला. तो स्वतःच्या पायांनी मैदानाबाहेर गेला आणि तीन दिवसांनी मेंदूतल्या रक्तस्रावाने गेला.

कन्कशनचं मात्र वेगळं आहे. कवटीत मेंदू जोराने हलतो, तेव्हा पेशींचे लांब तंतू ताणले जातात. पेशींतलं पोटॅशियम बाहेर धावतं, कॅल्शियम आत शिरतं. हा विस्कटलेला समतोल सावरायला पेशींना नेहमीपेक्षा जास्त ऊर्जा लागते, आणि नेमका त्याच वेळी मेंदूचा रक्तपुरवठा मंदावतो. म्हणजे मागणी वाढलेली आणि पुरवठा आटलेला. मोडतोड झालेली नसते, कारभार बिघडलेला असतो, आणि असा बिघाड साध्या सीटी किंवा एमआरआयच्या चित्रात उमटत नाही. याच अवस्थेत दुसरा फटका बसला तर लक्षणं लांबतात. कोवळ्या वयात क्वचित मेंदूला झपाट्याने सूज येऊन मुलं दगावलीही आहेत.

गैरसमज : हेल्मेट असलं की कन्कशन होत नाही.

हेल्मेट कवटी वाचवतं, म्हणून ते हवंच. पण कवटीच्या आत मेंदूचं हलणं ते थांबवू शकत नाही.

गैरसमज : आता रक्ताच्या चाचणीत कन्कशन कळतं.

हा गैरसमज पसरला तो बातम्यांमुळे. फेब्रुवारी २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने एका रक्तचाचणीला मान्यता दिली आणि ‘कन्कशनची पहिली रक्तचाचणी’ असे मथळे झळकले. ही चाचणी जीएफएपी आणि यूसीएच-एल१ ही दोन प्रथिनं मोजते. पहिलं मेंदूतल्या आधारपेशींतून येतं, दुसरं मुख्यतः चेतापेशींतून. मार बसला की दोन्ही रक्तात झिरपतात. पण चाचणीचा हेतू काय? डोक्याला मार लागलेल्या प्रौढ रुग्णाला सीटी स्कॅनची गरज आहे की नाही, हे ठरवणं. चाचणी निगेटिव्ह आलेल्यांपैकी ९९ टक्क्यांहून अधिक जणांच्या सीटीत काहीच सापडलं नाही, म्हणजे विनाकारण होणारे स्कॅन टळू शकतात. हा फायदा मोठा आहे. २०२४ मध्ये तर साध्या रक्तावर पंधरा मिनिटांत निकाल देणाऱ्या उपकरणालाही मंजुरी मिळाली. पण ‘सीटीची गरज नाही’ म्हणजे ‘कन्कशन नाही’ नव्हे. सीटीत जे दिसतच नाही, ते सीटीचा अंदाज बांधणारी चाचणी कुठून दाखवणार?

शिवाय खेळाडूचं शरीर या चाचण्यांना चकवतं. एस१००बी नावाचं प्रथिन उत्तर युरोपात मार लागलेल्या रुग्णांत तपासतात, पण ते चरबीतूनही येतं आणि नुसतं लांब पळाल्यावरही रक्तात वाढतं. ज्याला तपासायचं तो तर तासभर धावूनच आलेला असतो!

मला सर्वांत आशादायक वाटतं ते बर्मिंगहॅम विद्यापीठाचं लाळेवरचं काम. इंग्लंडच्या वरच्या दोन स्तरांवरच्या व्यावसायिक रग्बी खेळाडूंच्या लाळेत या संशोधकांना १४ सूक्ष्म आरएनए रेणूंचा संच सापडला. कन्कशन झालेले आणि न झालेले खेळाडू त्यावरून बऱ्याच अचूकपणे वेगळे ओळखता आले. २०२१ मध्ये हे प्रसिद्ध झालं. मात्र हे सगळे पुरुष होते, सगळे व्यावसायिक. शाळकरी मुलींना तोच निकष लावता येईल असं त्यावरून म्हणता येत नाही. आणि कुठलीही नवी चाचणी शेवटी ताडून पाहायची ती डॉक्टरांच्या निदानाशी, म्हणजे जे अपुरं पडतं म्हणून ही सारी धडपड चालली आहे त्याच्याशीच. नव्या वजनकाट्याची पारख जुन्या, डळमळत्या काट्यावर करण्यासारखं आहे हे. २०२२ साली ॲमस्टरडॅमला जमलेल्या तज्ज्ञांच्या निवेदनातही रक्त, लाळ यांच्या चाचण्या अजून संशोधनापुरत्याच मानल्या आहेत.

त्याच बैठकीतून आलेली स्कॅट-६ ही तपासणी आजही मुख्य आधार आहे. तिच्यात २२ लक्षणांना खेळाडू स्वतः शून्य ते सहा गुण देतो, शब्दांची यादी ऐकून आठवतो, महिने उलटे म्हणतो, एका पायावर तोल सांभाळतो. अडचण इथेच येते. ज्याला काहीही करून खेळायचंच आहे, तो ‘डोकं दुखत नाही’ म्हणून सांगतो. हंगामाआधीच्या चाचणीत मुद्दाम कमी गुण मिळवून ठेवणारेही असतात, म्हणजे पुढे घसरण दिसू नये. खेळाडूच्या शब्दावर अवलंबून नसलेली खूण विज्ञान शोधतंय ते यासाठी.

गैरसमज : मार लागल्यावर झोपू देऊ नये, मग आठवडाभर अंधाऱ्या खोलीत ठेवावं.

डॉक्टरांनी तपासून धोका नाही म्हटलं की झोप घेऊ द्यावी. एक-दोन दिवस हलकी विश्रांती पुरते, त्यानंतर चालणं-फिरणं सुरू करावं. २०१५ मध्ये ११ ते २२ वयाच्या रुग्णांवर झालेल्या अमेरिकी अभ्यासात पाच दिवस कडक विश्रांती घेणाऱ्यांनीच जास्त लक्षणं सांगितली. खेळात मात्र पायरीपायरीनेच परतायचं. प्रौढांना साधारण दोन आठवडे लागतात, मुलांना महिनाभरही.

पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, झटके, अनावर गुंगी, हातापायातली शक्ती जाणं यांपैकी काहीही दिसलं तर थेट रुग्णालय गाठा. आणि नुसती शंका असली, तरी त्या दिवशी त्या मुलाला पुन्हा मैदानात उतरवू नका. ‘डोकं कसंतरी होतंय’ असं तो म्हणाला, तर त्याच्यावर विश्वास ठेवा. आज तरी त्याहून चांगली चाचणी आपल्या हातात नाही.