'दुष्काळ' या शब्दाचा सामाजिक इतिहास

भिवंडी तालुक्यातील खारबाव हे वसई-दिवा लोहमार्गावरील गाव. 'बाव' हा कोकणातील विहीरवाचक शब्द संस्कृत 'वापी'चा वंशज होय; तेव्हा खाऱ्या पाण्याची विहीर असा या ग्रामनामाचा अर्थ सकृद्दर्शनी संभवतो. या भातपट्ट्यात वर्षाकाठी 2000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तरीही पाणी जवळ असणे आणि ते पिण्याजोगे असणे या भिन्न गोष्टी आहेत, हे असे नाव सांगते. पावसाचा अभाव आणि दुष्काळ यांच्यातही असाच भेद आहे, व मराठीने तो शब्दांत राखला आहे.

पाऊस न पडणे ते 'अवर्षण'. 'दुष्काळ' म्हणजे वाईट काळ. कापणीच्या दिवसांत पावसाने उभे भात कुजविले तर तो 'ओला'ही होतो. 'दुर्भिक्ष' हा शब्द याहून बोलका आहे: जेव्हा भिक्षा मिळणे दुर्घट होते ती स्थिती. शेतात काय पिकले यापेक्षा दारी आलेल्यास काय देता येते, हे येथे माप धरले आहे. 1630-32 च्या दुष्काळात तुकारामांच्या घरावर जे ओढवले ते या अर्थानेच समजून घ्यावे. ते घर महाजनाचे, म्हणजे देणाऱ्याचे होते. त्याचे दिवाळे निघाले आणि पत्नी अन्नावाचून गेली, असा उल्लेख त्यांच्या अभंगांत येतो. देणारा रिता झाला की गावाची घडी विसकटावयास वेळ लागत नाही.

1876-78 च्या दुष्काळाने या शब्दाचा धनी बदलला. सरकारी कामांवरील मजुराचे धान्य सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणानुसार दिवसाला एक पौंडावर आणले गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती मिळवून सरकारपुढे मांडली. 1880 च्या दुष्काळ आयोगानंतर दुष्काळसंहिता तयार झाल्या. व्याकरणाच्या दृष्टीने हा पालट लक्षणीय आहे. पूर्वी दुष्काळ 'पडत' असे, त्या क्रियेस कर्ता मनुष्य नव्हता. पुढे तो 'जाहीर करावा' लागू लागला, आणि जाहीर करणारा कर्ता म्हणजे सरकार. पिकाची प्रतवारी आण्यांत होई, म्हणून 'आणेवारी'; नाण्यांतून आणा गेला तरी शब्द टिकला. पुढे पैसेवारीत 50 पैशांखालचे पीक ही टंचाईची खूण ठरली. एखाद्या गावाचा आकडा थोडा वर राहिला की सारासूट दुरावे.

1963 साली महाराष्ट्राने एक विलक्षण अधिनियम केला. राज्यास लागू असलेल्या कायद्यांतून 'फॅमिन' ही संज्ञाच वगळण्यात आली व तिच्या जागी 'स्केअर्सिटी' हा शब्द घातला गेला. मराठी कारभारात ती 'टंचाई'. सरकार सतत दक्ष असल्याने दुष्काळाची पाळी येणारच नाही, अशी त्यामागची भूमिका. नऊ वर्षांनी काय झाले हे सर्वश्रुत आहे. मे 1973 च्या सुमारास जवळपास 50 लक्ष माणसे सरकारी कामांवर होती. खडी फोडणे, सुकडी, अमेरिकेहून आलेला लाल मिलो हे शब्द घरोघरी रूढ झाले. कागदोपत्री काहीही असो, लोकांनी त्यास 'बहात्तरचा दुष्काळ' असेच म्हटले. 'बहात्तरची टंचाई' कोणी म्हणत नाही. त्याच अनुभवातून रोजगार हमीचा 1977 चा कायदा झाला आणि काम मागणे हा हक्क ठरला.

शब्दाचा हा वाद तेथेच थांबला नाही. पुढील काळात सरकारी कागदांत 'दुष्काळसदृश परिस्थिती' असा सावध समास रूढ झाला. हा विषय मुंबई उच्च न्यायालयापुढे गेल्यावर, मे 2016 मध्ये, त्या शब्दांच्या जागी 'दुष्काळ' असे वाचावे, हे शासनास शुद्धिपत्रक काढून सांगावे लागले.