घरगुती संगणकाची निगा आणि दुसरी प्रत

घरांतील संगणक बिघडला म्हणजे बहुतेक कुटुंबांत पहिली चिंता उत्पन्न होते ती यंत्राच्या किंमतीची. वास्तविक ही चिंता अस्थानीं होय. यंत्र बाजारांत पुन्हां विकत मिळतें. परंतु त्याच्या पोटांत दहा-पंधरा वर्षें सांठत आलेला मजकूर कोणत्याहि दुकानांत मिळत नाहीं. मुलांचीं लहानपणींचीं छायाचित्रें, दिवंगत आजोबांच्या आवाजाचें मुद्रण, घराचे व शेताचे कागद, कराचे हिशेब, एखाद्या विद्यार्थिनीचा अर्धवट प्रबंध, हें सारें तळहाताएवढ्या एका पेटींत असतें. आणि ती पेटी केव्हां तरी निकामी होणार, हें तिच्या रचनेंतच ठरून गेलेलें असतें.

या पेटीचे दोन प्रकार प्रचारांत आहेत. जुनी हार्ड डिस्क म्हणजे चुंबकीय लेप दिलेल्या चकत्यांचा संच. या चकत्या सामान्यतः मिनिटास ५,४०० किंवा ७,२०० वेळां फिरतात, आणि लिहिणारें-वाचणारें टोंक त्यांच्या पृष्ठभागापासून अवघ्या कांहीं नॅनोमीटरांवर तरंगत असतें. माणसाचा केंस या अंतराच्या हजारों पट जाड भरेल. चालू स्थितींतील संगणक टेबलावरून पडल्यास काय अनर्थ होतो, याची कल्पना यावरून यावी. दुसरा प्रकार एसएसडीचा. तिच्यांत फिरणारा भाग मुळींच नसतो. अतिसूक्ष्म कोठड्यांत कोंडलेल्या विद्युद्भाराच्या रूपानें मजकूर टिकतो. ती वेगवान व धक्के सोसणारी खरी. पण तिची प्रत्येक कोठडी ठराविक वेळांच पुसून लिहितां येते, आणि जुन्या डिस्कसारखी खरखर करून ती पूर्वसूचना देत नाहीं. काल चालत होती, आज चालत नाहीं, एवढेंच पुष्कळदां कळतें.

दोन्ही प्रकारांत आपली प्रकृति आपणच मोजणारी 'स्मार्ट' नांवाची योजना असते, आणि क्रिस्टलडिस्कइन्फोसारखा फुकट मिळणारा प्रोग्रॅम तिचें निदान पडद्यावर दाखवितो. महिन्यांतून एकदां तें पाहणें शहाणपणाचें आहे. मात्र त्यावर किती विसंबावें यालाहि मर्यादा आहे. गूगल कंपनीच्या संशोधकांनीं एक लाखाहून अधिक हार्ड डिस्कांची पाहणी करून २००७ सालीं तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. निकामी झालेल्या डिस्कांपैकीं अर्ध्याहून अधिक डिस्कांत चार प्रमुख धोक्याच्या लक्षणांपैकीं एकहि आधीं उमटलेलें नव्हतें. तेव्हां प्रोग्रॅमनें धोका दाखविला तर विलंब न करितां डिस्क बदलावी. पण त्यानें सर्व ठीक म्हटलें म्हणून निर्धास्त राहूं नये.

खरा उपाय दुसऱ्या प्रतीचा. हें सर्वांस ठाऊक असतें, आणि येथेंच घोटाळा होतो. कारण प्रत घेतली आहे असें वाटणें व प्रत हाताशीं असणें या दोन गोष्टी निराळ्या आहेत. अमेरिकेंतील पिक्सार या चित्रपटसंस्थेंत १९९८ सालीं 'टॉय स्टोरी २' या चित्रपटाचें काम चालू होतें. कोणीतरी फायली पुसण्याची आज्ञा चुकून भलत्याच ठिकाणीं दिली, आणि पाहतां पाहतां एका पात्राची टोपी, मग बूट, मग तें पात्रच पडद्यावरून नाहींसें झालें. यंत्र बंद करीपर्यंत चित्रपटाचा सुमारें नव्वद टक्के भाग गेला होता. संस्थेंत प्रती ठेवण्याची व्यवस्था होती. पण गरज पडली तेव्हां असें आढळलें कीं ती व्यवस्था कित्येक दिवस नीट चालतच नव्हती, आणि तें कोणीं पडताळून पाहिलेलें नव्हतें. चित्रपट वांचला तो गॅलिन सुसमन या तंत्रप्रमुख बाईंमुळें. नुकतेंच मूल झाल्यानें त्या घरून काम करीत असत, व त्यासाठीं त्यांच्या घरच्या संगणकावर चित्रपटाची प्रत ठेवलेली होती. तो संगणक पांघरुणांत गुंडाळून मोटारींतून कचेरींत आणण्यांत आला. (पुढें त्या चित्रपटाची कथाच बहुतांशीं नव्यानें रचली गेली, ही गोष्ट अलाहिदा.)

मोठ्या संस्थेची ही कथा, तर घरच्या टेबलाची काय वाट! छायाचित्रकार पीटर क्रोग यांनीं छायाचित्रांच्या जतनाविषयींच्या लेखनांतून 'तीन-दोन-एक' हा नियम लोकप्रिय केला, तो घरासहि लागू पडतो. मूळ धरून तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, व त्यांपैकीं एक घराबाहेर असावी. यांतील शेवटची अट लोकांस जाचक वाटते. परंतु २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला व मुंबईंत असंख्य तळमजल्यांवर पाणी चढलें, तेव्हां टेबलावरील संगणक आणि त्याच टेबलाच्या खणांत ठेवलेली प्रत यांची गति एकच झाली असणार हें उघड आहे. बहिणीच्या घरीं, गांवच्या कपाटांत अथवा इंटरनेटवरील भाड्याच्या जागेंत एक प्रत असली म्हणजे ही अट पुरी होते.

इंटरनेटवरील जागेविषयीं एक गैरसमज फार पसरलेला आहे. गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्ह घरच्या फोल्डरशीं जोडलें असतां तें मुख्यतः दोन्ही ठिकाणचा मजकूर सारखा ठेवण्याचें काम करितें. घरीं फाइल पुसली कीं तिकडेहि ती कचऱ्याच्या टोपलींत जाते, आणि साधारण तीस दिवसांनीं तेथूनहि नाहींशी होते. लग्नाच्या छायाचित्रांचें फोल्डर चुकून पुसलें गेल्याचें दिवाळींत लक्षांत आलें, तर अशा सेवेचा उपयोग नाहीं. जुन्या अवस्था तारीखवार सांभाळून ठेवील, तीच खरी प्रत. मॅक संगणकांत २००७ सालापासून असलेली टाइम मशीन, विंडोजमधील फाइल हिस्टरी व लिनक्सवरील देजा द्यूप हे प्रोग्रॅम हेंच काम करितात. त्यांस वेगळे पैसे पडत नाहींत. बाहेरची डिस्क जोडून एकदां व्यवस्था लावून दिली कीं बदललेल्या फायलींच्या प्रती ते आपण होऊन घेत राहतात.

पण डिस्क सदैव जोडलेलीहि असूं नये. १२ मे २०१७ रोजीं 'वॉनाक्राय' नांवाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमनें सुमारें दीडशें देशांतील संगणकांत शिरून फायली कुलुपबंद केल्या व किल्लीसाठीं पैसे मागितले. अशा प्रोग्रॅमच्या तडाख्यांत संगणकास जोडलेली बाहेरची डिस्कहि सांपडते. प्रत घेऊन झाली कीं तार काढून ठेवणें हा यावरचा साधा इलाज. ज्या फटींतून तो शिरला, ती बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनें त्याच वर्षीं मार्च महिन्यांतच दिली होती. ती लावण्याचा आळस ज्यांनीं केला ते अडचणींत आले. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला, हें ध्यानांत घेऊन त्यावर विसंबलेल्या घरांनीं पुढची तजवीज करावी.

बाकीची निगा थोडकी आहे. पंख्याच्या जाळींतील धूळ काढावी. वीज जाते-येते तेथें यूपीएस असावा, कारण लिहिणें चालू असतां वीज गेल्यास फायलींची नोंदवहीच बिघडूं शकते. फायलींचे विखुरलेले तुकडे जुळविण्याचें 'डीफ्रॅग' हें काम फिरत्या डिस्कलाच उपकारक आहे. एसएसडीवर त्यानें विनाकारण झीज होते. 'संगणक दसपट वेगवान करूं' म्हणणाऱ्या सफाईच्या प्रोग्रॅमांपासून दूर राहिलेलें बरें.

मराठी घरांत एक निराळीच अडचण असते. १९९० नंतरच्या पंधरा-वीस वर्षांत श्री-लिपी, आकृती, आयएसएम इत्यादि साधनांनीं लिहिलेला मजकूर बव्हंशीं फॉन्टवर अवलंबून होता. त्या त्या कंपनीनें आपल्या मर्जीच्या क्रमांकांवर मराठी अक्षरांचे आकार बसविलेले असत. तो फॉन्ट नसेल तर पडद्यावर अर्थहीन रोमन चिन्हांची गर्दी दिसते. फाइल जशीच्या तशी, एक बिंदूहि न गळतां टिकलेली. आणि तरी वडिलांच्या आठवणींतलें एक वाक्यहि वाचतां येत नाहीं! म्हणून अशा फायलींबरोबर त्यांच्या फॉन्टचीहि प्रत ठेवावी, व फॉन्ट जवळ आहे तोंवरच मजकूर युनिकोडमध्यें बदलून घ्यावा. बदल करणारे प्रोग्रॅम आहेत. परंतु ऱ्हस्व वेलांटी व रफार यांच्या जागा ते कधींकधीं चुकवितात. तेव्हां मुळाशीं ताडून पाहण्यास घरांतील कोणीतरी बसलें पाहिजे.

ताडून पाहण्याची ही संवय प्रत्येक प्रतीस लावावी. तीन महिन्यांतून एकदां एखादें जुनें छायाचित्र, एखादा हिशेब प्रतींतून दुसऱ्याच संगणकावर उतरवून उघडून पाहावा. प्रत कुलुपबंद केली असेल तर परवलीचा शब्द घरांत किमान दोघांस माहीत असावा; नव्या पुष्कळ संगणकांची डिस्क तर आधींपासूनच कुलुपबंद असते, व तिची सुटकेची किल्ली म्हणजे एक लांबलचक आंकडा असतो. तो कागदावर लिहून घराच्या महत्त्वाच्या दस्तऐवजांत ठेवावा. संगणकाच्या पिशवींत ठेवूं नये.