जुन्या संगणकाचा नवा माग

सोलापूरच्या चादरीवरील वेलबुट्टी विणकराच्या हातांत जितकी असते, तितकीच ती जॅकार्ड मागावर टांगलेल्या भोंकांच्या पुठ्ठ्यांत असते. जॅकार्ड या फ्रेंच कारागिरानें १८०४ सालीं सिद्ध केलेल्या या युक्तींत जेथें भोंक असेल तेथें ताण्याचा धागा उचलला जातो. नसेल तेथें तो खालींच राहतो. पुठ्ठ्यांची माळ बदलली, कीं माग तोच राहून नक्षी नवी उमटते. जुन्या घरगुती संगणकांना आज लाभणाऱ्या पुनर्जन्माचें रहस्य या मागावरून सहज उमगतें.

इंग्लंडांत १९८१ सालीं निघालेला बी. बी. सी. मायक्रो हा संगणक भारतांत १९८४ सालीं सुरू झालेल्या 'क्लास' या सरकारी योजनेंतून शाळांत आला. ३२ किलोबाइट स्मृति व सेकंदास वीस लक्ष ठोके घेणारी ६५०२ ही चिप, एवढें त्याचें भांडवल. पण पडद्यावर चित्र उमटविणारी त्याची चिप खास त्याच्याकरितांच घडविलेली होती. ती आतां निघत नाहीं. ती जळाली, कीं पडदा कोरा राहतो.

येथें एफ्. पी. जी. ए. नांवाची चिप उपयोगी पडते. सामान्य चिपमधील जोडण्या कारखान्यांतच कायमच्या ठरतात. हिच्यांत मात्र तर्काचीं लहान लहान कोष्ठें तयार असतात आणि त्यांच्या परस्पर जोडण्या मागाहून हव्या तशा ठरवितां येतात. झायलिंक्स कंपनीनें १९८५ सालीं विक्रीस आणलेल्या अशा पहिल्या चिपमध्यें ६४ कोष्ठें होतीं. आजच्या मोठ्या चिपमध्यें तीं लाखांनीं मोजतात. जुन्या यंत्राची रचना तींत भरली, कीं ती चिप तेंच यंत्र बनते. २०१७ सालीं सुरू झालेल्या 'मिस्टर' या उपक्रमांत एकाच चिपवर बी. बी. सी. मायक्रो, स्पेक्ट्रम व कमोडोर ६४ आळीपाळीनें अवतरतात. साधी आज्ञावली जुन्या यंत्राची नक्कल एकामागून एक पायरीनें करते. येथें सारे भाग मुळांतल्याप्रमाणें एकाच वेळीं चालतात.

परंतु ही रचना आपोआप मिळत नाहीं. चालतें यंत्र समोर ठेवून, त्याच्या ठोक्याठोक्याचें माप घेऊन ती लिहावी लागते. शिवाय मुलांनीं त्या यंत्रावर रचलेले धडे व खेळ त्या रचनेंत नसतात. ते कॅसेटच्या फितींवर असतात. म्हणून शाळेचें जुनें कपाट भंगारांत देण्यापूर्वीं त्यांतील यंत्राची व फितींची विचारपूस व्हावी. नमुना हातीं असेपर्यंत पुठ्ठे पुन्हां कापतां येतात. नमुनाच गेल्यावर कुशल विणकरहि काय करील?